स्पायडरमॅनचा पोशाख: सर्कशीतून ब्रॉडवेवर

सुपरहिरोचा अंगाला चिकटलेला पोशाख आला तो तमाशगिरांच्या दुनियेतूनच. १९३८ साली छापून आलेला सुपरमॅन रेखाटताना जो शुस्टरपुढे सर्कशीतले पहिलवान होते. विजारीवर चढवलेली ती लाल चड्डीही तिकडचीच. १९६२ मध्ये स्टीव्ह डिटकोने स्पायडरमॅनचा चेहरा पार झाकून टाकला, कारण मुखवट्याआडचा खरा, पोरसवदा पीटर पार्कर ओळखू येऊन चालणार नव्हतं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने सुपरहिरो आणि फॅशन यांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा सिनेमातले पोशाख आणि बड्या डिझायनरांचे कपडे एकाच दालनात उभे राहिले.

दोनच वर्षांनी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीत, ‘स्पायडरमॅन: टर्न ऑफ द डार्क’ या संगीत नाटकाचे पूर्वप्रयोग (अधिकृत शुभारंभाआधीचे प्रयोग) सुरू झाले. दिग्दर्शिका जूली टेमर, संगीत ‘यू-टू’ या रॉक बँडच्या बोनो आणि एज यांचं, खर्च सुमारे साडेसात कोटी डॉलर. पोशाख ऐको इशिओकाचे. ही बाई शिवणकामातून आलेली नव्हती. टोकियोत शिसेडो या प्रसाधन कंपनीच्या जाहिराती, मग पार्को दुकानांची गाजलेली पोस्टरं, असा तिचा प्रवास. त्यामुळे कपडा तिच्या हाती आला की आधी आकृती व्हायचा. ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ या १९९२च्या सिनेमातलं ड्रॅक्युलाचं सोललेल्या स्नायूंसारखं लाल चिलखत तिचंच. त्या सिनेमाने तिला ऑस्कर मिळवून दिलं. जालंधरला जन्मलेल्या दिग्दर्शक तरसेम सिंगच्या पहिल्या चारही चित्रपटांचे पोशाख तिनेच केले.

इथे नायकाच्या पोशाखात तिला फारसा हात घालता येणार नव्हता. त्याचा मुखवटा मात्र भलताच सोयीचा: प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेला लटकून झेपावणारे स्पायडरमॅन अनेक होते आणि अदलाबदल कुणाला कळत नसे. इशिओकाने हौस भागवली ती खलनायकांवर. अंगभर सुऱ्या-पाती मिरवणारी स्विस मिस तर खास या नाटकासाठीच जन्माला घातलेली. फॅशनची थट्टाही होती. अराक्नी या ग्रीक पुराणातल्या कोळी झालेल्या स्त्रीच्या कोळी-सख्या दुकानांतून बूट पळवतात, असं एक अख्खं गाणं होतं. आठ पायांना बूट पुरणार किती? समीक्षकांनी या गाण्याची यथेच्छ टर उडवली. मार्च २०११ मध्ये टेमरला बाजूला केल्यावर ते कापलं गेलं. एरवी ठीकच, पण नाटकातला तो एकमेव खट्याळ विनोद होता, असं माझं मत.

बातम्या झाल्या त्या कलाकारांच्या अपघातांच्या आणि १८२ पूर्वप्रयोगांच्या. जानेवारी २०१२ मध्ये इशिओका वारली. त्याच वर्षी वेशभूषेसाठी तिला टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं मरणोत्तर नामांकन मिळालं; पारितोषिक ‘फॉलीज’ या दुसऱ्या संगीत नाटकाकडे गेलं.