बायकोच्या नावावर घेतलेलं शुगरचं मशीन

१९६९ सालची गोष्ट, अमेरिकेतली. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनिअर, वय पस्तीस, बाराव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस (शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होतं तो), आणि इतक्या वर्षांत शरीरात एकेक कॉम्प्लिकेशन सुरू झालेलं. लॅबच्या सामानाच्या एका मासिकात त्यांना एका नव्या मशीनची जाहिरात दिसली, एका थेंबातून मिनिटाभरात ब्लड शुगर सांगणारं मशीन. वजन साधारण दीड किलो, किंमत ६५० डॉलर. ते हॉस्पिटलच्या इमर्जन्सीसाठी बनवलेलं होतं, म्हणजे रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यायलाय की डायबेटिसमुळे बेशुद्ध पडलाय हे कळावं म्हणून. बर्नस्टीननी ते विकत मागितलं तर कंपनी म्हणाली फक्त डॉक्टरांनाच देतो. त्यांची बायको सायकियाट्रिस्ट होती, म्हणजे डॉक्टरच की, मग तिच्या नावावर ऑर्डर दिली आणि मशीन घरी आलं.

तोपर्यंत पेशंटच्या घरी काय होतं? लघवीची टेस्ट. आपल्याकडेही जुन्या लोकांना आठवत असेल, बेनेडिक्टचं निळं सोल्यूशन घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून गरम करायचं, आणि हिरवा, पिवळा की विटकरी रंग येतो ते बघायचं. प्रॉब्लेम असा की किडनी साखर बाहेर सोडते ती साधारणपणे रक्तातली शुगर १८० च्या वर गेल्यावर, आणि लघवी तर काही तास आधीची साठलेली असते. म्हणजे आत्ता शुगर ५० वर घसरून हातपाय थरथरत असतील तरी टेस्ट तुम्हाला काहीच सांगणार नाही. इन्सुलिन घेणारा माणूस अक्षरशः अंदाजाने जगत होता.

बर्नस्टीन दिवसातून चार-पाच वेळा शुगर मोजायला लागले, जेवण आणि इन्सुलिनचे डोस त्या आकड्यांवरून जुळवत गेले, आणि हळूहळू तब्येत सुधारली. त्यांनी हे लिहून मेडिकल जर्नल्सकडे पाठवलं तर कोणी छापेना, इंजिनिअरचं कोण ऐकणार. मग या माणसाने काय करावं, पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजला ॲडमिशन घेतली आणि डॉक्टर झाले. २०२५ मध्ये वयाच्या नव्वदीत ते वारले. त्यांच्या अगदी कमी कार्बोहायड्रेटच्या डाएटबद्दल आजही वाद आहेत ते सोडा, पण घरी शुगर मोजली पाहिजे हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १४४१ टाइप १ पेशंटवरच्या मोठ्या ट्रायलचा रिझल्ट आला, त्यात वारंवार शुगर तपासून ती कडक कंट्रोलमध्ये ठेवणाऱ्या गटात डोळ्यांचा त्रास सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

आता ती स्ट्रिप करते काय हे थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी ग्लुकोमीटर आहेत पण आत काय चालतं हे फारसं कोणी सांगत नाही. स्ट्रिपवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तशाच कामाचं एन्झाइम असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजला पकडून त्याचं ऑक्सिडेशन करतं आणि त्यात इलेक्ट्रॉन सुटतात. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना मांडली. बर्नस्टीनच्या मशीनमध्ये मात्र स्ट्रिपचा बदललेला रंग प्रकाश टाकून वाचला जायचा. १९८७ ला पेनाएवढं मीटर आलं जे रंग न बघता थेट करंट मोजायचं, जास्त ग्लुकोज म्हणजे जास्त करंट, इतकं सरळ. आणि हो, टेस्टच्या आधी हात धुवा असं सांगतात ते खरंच पाळा, बोटाला आंब्याचा नाहीतर केळ्याचा अंश राहिला असेल तर मशीन तीही साखर मोजणार.

मला या विषयात सगळ्यात भिडतं ते हे, की डायबेटिसची साधनं बघत गेलं की फिरून फिरून घरातलीच माणसं भेटतात. इन्सुलेट कंपनीचे सहसंस्थापक जॉन ब्रूक्स यांच्या मुलाला अगदी लहानपणी टाइप १ निघाला, त्यातून नळी नसलेला, अंगाला थेट चिकटणारा इन्सुलिन पंप आला, २००५ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. स्वीडनच्या जॉन शोलुंड यांना स्वतःलाच टाइप १, त्यांनी काय केलं तर इन्सुलिन पेनचं टोपण बनवलं ज्यावर छोटं टायमर आहे. टोपण काढून इंजेक्शन घेतलं आणि परत लावलं की मोजणी शून्यापासून सुरू. बस एवढंच! पण ज्यांच्या घरात इन्सुलिन चालू आहे त्यांना विचारा, "अहो, मघाशी घेतलं का हो?" हा प्रश्न किती वेळा येतो, आणि आठवत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलं तर शुगर धाडकन खाली. डॉक्टरांकडे दहा मिनिटं बसून हा प्रश्न दिसतच नाही. तो जेवणाच्या टेबलावर दिसतो.

आणि रात्री दिसतो. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच इम्यून सिस्टिम इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी संपवते, त्यामुळे बाहेरून इन्सुलिन दिल्याशिवाय पर्याय नाही, आणि रात्री झोपेत शुगर खूप उतरली तर मूल उठून सांगू शकेलच असं नाही. म्हणून आईबाप अलार्म लावून रात्री दोनला, चारला उठून मुलाच्या बोटाला सुई टोचतात. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं हे चाललेलं असतं. पुढे सीजीएम आले, म्हणजे कातडीखाली केसासारखी बारीक तार आणि दर पाच मिनिटांनी रीडिंग. (ही तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते, म्हणून रीडिंग रक्तापेक्षा काही मिनिटं मागे चालतं. शुगर झपाट्याने उतरत असेल तर हा फरक लक्षात ठेवायचा.) पण सुरुवातीला रीडिंग दिसायचं फक्त जवळच्या रिसीव्हरवर. मूल शाळेत आणि आई ऑफिसात असेल तर उपयोग शून्य.

२०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या सॉफ्टवेअर इंजिनिअरने, त्याचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, रिसीव्हरला वायर जोडून त्यातला डेटा कसा निघतो ते शोधून काढलं आणि तो इंटरनेटवर टाकला, आता ऑफिसात बसून मुलाची शुगर दिसायला लागली. त्याच्यासारखेच अजून पालक भेटत गेले. त्यातले लेन डेसबरो हे इंडस्ट्रियल कंट्रोल सिस्टिम्समधले इंजिनिअर, त्यांचाही मुलगा टाइप १. यातून नाइटस्काउट नावाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, फुकट, ज्याला हवं त्याने कोड घ्यावा. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' अशी घोषणाच या लोकांची होती. थोड्याच काळात सीजीएम बनवणाऱ्या कंपनीनेही फोनवर रीडिंग पाठवायची अधिकृत सोय आणली.

सिएटलच्या डेना लुईस यांना स्वतःलाच टाइप १, त्यांची अडचण वेगळी होती. एकट्या राहायच्या, झोप गाढ, सीजीएमचा अलार्म ऐकूच यायचा नाही. कॉस्टिकचा कोड मिळाला तेव्हा त्यांनी आणि स्कॉट लायब्रँड यांनी आधी फक्त मोठ्या आवाजाचा अलार्म केला, मग पुढे काय होईल याचा अंदाज सांगणारा प्रोग्राम केला, आणि बेन वेस्ट यांनी पंपाशी बोलायची युक्ती शोधलेली होती ती जोडून डिसेंबर २०१४ मध्ये एका छोट्या स्वस्त कॉम्प्युटरवर सगळं वर्तुळच पूर्ण केलं. म्हणजे सेन्सर शुगर सांगतो, कॉम्प्युटर हिशोब करतो, पंप इन्सुलिन कमी-जास्त करतो, माणूस मधे नाही. २०१५ मध्ये ही डिझाइन सगळ्यांसाठी खुली केली.

ऐकायला सोपं वाटतं पण अवघड कुठे आहे बघा. कातडीखाली दिलेलं फास्ट इन्सुलिनसुद्धा काम सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, त्याचा जोर तास-दीड तासाने येतो आणि असर चार-पाच तास राहतो. एकदा दिलेलं परत काढता येत नाही. भात मात्र पंधरा मिनिटांत शुगर चढवायला लागतो. त्यामुळे आत्ताची शुगर बघून डोस देणारा प्रोग्राम कायम उशिरा पोचणार, आणि घाईने जास्त देणारा प्रोग्राम पेशंटला खाली पाडणार. म्हणून प्रोग्रामला अंगात आधीचं किती इन्सुलिन शिल्लक आहे याचा हिशोब सतत ठेवावा लागतो आणि पुढच्या काही तासांचा अंदाज बांधावा लागतो. डेना लुईसच्या सिस्टिममध्ये एक शहाणपण होतं, कनेक्शन तुटलं तर पंप आपोआप डॉक्टरांनी ठरवलेल्या नेहमीच्या रेटवर परत जायचा.

घरगुती म्हणून लोक घाबरायचे, आणि ते बरोबरच होतं, हा जिवाशी खेळ आहे. पण २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या ९७ पेशंटवर अशा ओपन सोर्स सिस्टिमची रीतसर ट्रायल झाली, त्यात ही सिस्टिम वापरणाऱ्यांची शुगर योग्य रेंजमध्ये राहण्याचा वेळ ६१ टक्क्यांवरून ७१ वर गेला, आणि साधा पंप वापरणाऱ्या गटाचा उलट थोडा घसरला. याच काळात बॉस्टन युनिव्हर्सिटीचे एड डॅमियानो, ज्यांच्या मुलाला अकराव्या महिन्यातच टाइप १ निघाला होता, तो कॉलेजला जायच्या आत ऑटोमॅटिक पंप तयार करायचा म्हणून झटत होते. मंजुरी आली मे २०२३ मध्ये, मुलगा तोपर्यंत मोठा झाला होता. पण त्यांच्या आयलेट नावाच्या या पंपात सुरुवातीला फक्त पेशंटचं वजन टाकायचं आणि जेवताना नेहमीएवढं, कमी की जास्त एवढंच सांगायचं, कार्बचे ग्रॅम मोजत बसायला नको. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, कारण या आजारात सुईपेक्षा सतत गणित करत राहण्याचा थकवा जास्त असतो.

सगळीच स्वप्नं खरी होत नाहीत हेही सांगायला हवं. अश्रूंमधली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स गूगलने २०१४ मध्ये गाजावाजा करून जाहीर केली आणि २०१८ मध्ये काम थांबवलं, कारण अश्रूंमधल्या आणि रक्तातल्या शुगरचा भरवशाचा मेळच बसेना. प्रकाश टाकून कातडीतून शुगर मोजायचं तर पाणी, घाम, तापमान, कातडीचा रंग सगळं मधे येतं आणि ग्लुकोजचा सिग्नल त्यात बुडून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट इशारा दिला की सुई न टोचता शुगर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. ऑनलाइन दोन-तीन हजारात मिळणारी तसली घड्याळं बघून आईबाबांना गिफ्ट देऊ नका हो, त्यावर आलेल्या खोट्या आकड्यावरून कोणी इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो.

आता आपल्याकडचं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या सर्व्हेत भारतात १० कोटींवर डायबेटिसचे पेशंट निघाले आणि सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चौघांतल्या एकाहून जास्त. यातले बहुतेक टाइप २, म्हणजे इन्सुलिन बनतं पण शरीर त्याला नीट दाद देत नाही असे. लाखांच्या घरातला पंप किंवा दर दोन आठवड्यांना काही हजारांचा सेन्सर यातल्या किती जणांना परवडणार? इथे प्रश्नच वेगळे आहेत, सगळ्यात मोठा हा की त्रास सुरू झालाय हे कळतच नाही. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा सुरुवातीला नजर अगदी छान असते, मग डोळ्याच्या डॉक्टरकडे जातंय कोण.

बंगळुरूच्या रेमिडियो कंपनीने स्मार्टफोनवर चालणारा, डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा बनवला आणि त्याला जोडून फोनमध्येच चालणारा एआय, इंटरनेट लागत नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत नेहमीच्या तपासणीला येणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटवर तो वापरून बघितला, २०१९ मध्ये रिझल्ट छापून आला. पुढे पाठवायलाच हवेत असे जे पेशंट होते ते सगळे एआयने पकडले, आणि ज्यांना तसा त्रास नव्हता त्यातल्या ८८ टक्के लोकांना बरोबर ठीक म्हटलं. त्रास असलेले पेशंट त्यात थोडेच होते म्हणून लगेच शंभर टक्के म्हणून नाचू नये, पण जागा बघा ना, मोठं आय हॉस्पिटल नाही, वस्तीतला दवाखाना, जिथे माणूस तसाही गोळ्या घ्यायला येतोच. फोटो काढायला डोळ्याचे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेले आरोग्य सेवक होते. एआयने पुढे पाठवा म्हटलं की पेशंटला डोळ्याच्या डॉक्टरकडे जावंच लागतं, लेझर किंवा इंजेक्शन लागलं तर तिथेच मिळतं, आणि त्या चिठ्ठीनंतर किती जण खरंच तिथपर्यंत पोचतात यावर काम करणारं कोणीतरी आता आपल्या शहरांत, गावांत पुढे यायला हवंय.