बाळंतपणाच्या रजेचं बिल कुणाच्या नावावर?

पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवंच, ही अट मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तिच्यावरची चर्चा जागा, कॅमेरे आणि आयाबाई यांच्यापाशीच घुटमळते. भांडण मात्र मुळात पैशाचं आहे, आणि ते आजचं नाही.

१९१९ साली वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात बाळंतिणीला सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर रजा असावी असं ठरलं. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून व्हावा, हेही त्यातच लिहिलं होतं. मालकाच्या खिशातून, असं नव्हतं. हिंदुस्थानने त्या करारावर मोहोर उमटवली नाही.

इकडे गिरणगावात तान्ह्याला अफूची गोळी देऊन, झोपवून आई पाळीला जायची. १९२० च्या दशकातल्या नोंदींत हा उल्लेख येतो. आज त्या बायांना नावं ठेवणं सोपं आहे. माहेर कोकणात नाहीतर घाटावर, सव्वा महिन्याचा शेक-शेगडीचा आराम तिकडेच राहिलेला. चाळीत मूल बघणारी एखादी म्हातारी मिळाली, तरी तिच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे.

मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक १९२८ च्या जुलैत चर्चेला आलं तेव्हा गिरण्यांचा मोठा संप चालू होता. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले एक बॅरिस्टर सदस्य विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं, की लोकांचं कल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, म्हणून त्यालाही अगदी मोकळं सोडता येणार नाही. १९२९ चा कायदा झाला, आणि पैसे मालकानेच द्यायचे असं ठरलं. भाषणातला अर्धा भाग स्वीकारला आणि अर्धा सोडून दिला, असंच म्हणावं लागेल. पुढे गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. त्याचा सगळा दोष या कायद्यावर टाकता येत नाही. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं हीही कारणं होती.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याने विम्याची वाट खुली केली, पण पगाराच्या मर्यादेत. ती मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. म्हणजे विमा लागू असलेल्या ऑफिसात मदतनीस बाईच्या रजेचे पैसे विमा निधीतून येतात आणि तिच्या मॅनेजरबाईंचे कंपनीच्या खात्यातून. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने ही दुभागणी तशीच ठेवली.

२०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, तिसऱ्या मुलासाठी १२ वरच राहिली. वाढलेल्या १४ आठवड्यांचा भार कुणी सोसायचा, यावर सरकारने काहीच ठरवलं नाही. लहान उद्योजक कुरकुरले, आणि मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’ हा प्रश्न आडवळणाने यायला लागला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिना १५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांच्या सात आठवड्यांचे पैसे मालकाला परत देण्याची कल्पना पुढे आली. पाठोपाठ, अजून मंजुरी व्हायची आहे, असा खुलासा करावा लागला. ब्रिटनमध्ये मालकाने दिलेल्या वैधानिक मातृत्व वेतनाचे ९२ टक्के सरकार परत करतं, लहान मालकाला तर दिलेल्यापेक्षा थोडे जास्तच. स्वीडनमध्ये दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवस मिळतात, आणि त्यांचा भत्ता सामाजिक विम्यातून येतो. आपल्याकडे ‘जगातल्या सगळ्यात लांब रजांपैकी एक’ असं कौतुक होतं, तेव्हा हा तपशील गाळला जातो.

पाळणाघराचं रडगाणं निराळं. १९४८ च्या कारखाने कायद्यात पन्नासहून जास्त बाया असतील तरच पाळणाघर होतं, १९७६ मध्ये हा आकडा तीस झाला. मोजणी फक्त बायांची असल्याने भरती तिशीच्या आत थांबवतात, ही कामगार चळवळीतली जुनी तक्रार. २०१७ मध्ये पुरुषही मोजणीत आले, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. शहरातली बहुतेक मुलं मात्र काकूंच्या पाळणाघरात वाढली. डोंबिवलीत, ठाण्यात, कोथरूडमध्ये दोन खोल्यांत अंथरलेल्या सतरंज्या, नावाची पट्टी लावलेले डबे, दुपारचा वरणभात. आणि लोकल रखडली तरी आई येईपर्यंत काकू मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या. या व्यवस्थेने सरकारचे केवढे पैसे वाचवले, हे कुणी मोजलेलं नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हा कुठे नियमावलीची मागणी जोरात झाली.

असंघटित बाईपर्यंत यातलं फारसं पोचत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये बाळंतिणीला किमान ६,००० रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० ठरले. बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं एक कोयता म्हणून धरलं जातं, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली असते, आणि बाई कामावर आली नाही तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. तान्हं मूल फडाच्या बांधावर थोरल्या बहिणीच्या ताब्यात असतं. तिथे मालक कोण असं विचारलं, तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो.