जुनी एअर रायफल घेताय? परवाना, कागदपत्रं आणि ट्यूनिंगची मर्यादा

जुनी एअर रायफल घ्यायची म्हटली की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "लायसन लागतंय का?" शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे दोन गोष्टी बघायच्या. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा आणि छर्रा नळीतून सुटताना त्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असावी. दोन्ही जमलं तर परवाना नको. एक जरी चुकलं तर हवा. ०.२२ ची एअरगन "छर्ऱ्याचीच तर आहे, काही होत नाही" म्हणून कुणी गळ्यात मारायला बघेल, त्याला हात जोडा. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं ती ५० मीटरची, काडतुसाची रायफल. तिला परवाना लागतोच. पोराला दहा मीटरच्या एअर रायफल नेमबाजीला घालणाऱ्यांनी दोन्हींची गल्लत करू नये.

परवानामुक्त रायफल जुनी घेताना सरकारी अर्ज नाही, म्हणून कागदच नकोत असं मात्र नाही. मूळ बिल मागा. बिलावरचा क्रमांक आणि रायफलीवर कोरलेला क्रमांक स्वतः ताडून बघा. खरवडलेला दिसला तर किंमत कितीही पडू दे, सौदा सोडा. दोघांच्या आधारच्या प्रती, पत्त्याचा पुरावा आणि साध्या कागदावर पावती एवढं पुरतं: "अमुक कंपनीची, ०.१७७ बोअरची, अमुक क्रमांकाची एअर रायफल आज रोजी अमुक रकमेस विकली व ताब्यात दिली." खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. पैसे ऑनलाइन द्या, नोंद राहते. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर व्यवहार पालकांच्या नावानं करा.

आता ट्यूनिंग. ट्रिगर, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), साइट (नेम धरायची) हवे तसे लावून घ्या, कायद्याला त्याचं काही नाही. स्प्रिंग जास्त ताकदीची टाकली किंवा पीसीपीचा, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचा, रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) वाढवला की मात्र ज्यूल बदलतात. हिशोब सोपा आहे: छर्ऱ्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरनं सुटला तर ८ ज्यूलच्या आसपास. तोच २७५ मीटरला गेला की २० ची रेघ ओलांडली. म्हणजे काल परवानामुक्त असलेली रायफल मेकॅनिकच्या टेबलावरून बेकायदा होऊन परत येऊ शकते. दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटला एवढा जोर लागतच नाही. घेण्याआधी आणि दुरुस्तीनंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग मोजून घ्या.

पीसीपी असेल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर स्वस्तात पडलेली रायफल महागात जाते. भरलेला सिलिंडर मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, सोलापूरचं ऊन काय ते सांगायला नको. स्प्रिंगवाल्या रायफलीत पिस्टनचं सील आणि नळीच्या, छर्रा घालतात त्या तोंडाचा वॉशर बघा. छर्रा न घालता ट्रिगर ओढून दाखवणाऱ्या विक्रेत्याकडची स्प्रिंग आणि सील बहुधा दमलेलं असतं.

परवान्याची रायफलच हवी असेल तर वय २१ पूर्ण लागतं. शहरात राहणाऱ्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला अशा ग्रामीण भागातल्यांचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा नमुना ए-१, फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी; क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धेची प्रमाणपत्रं असतील तर तीही जोडा. मग पोलीस पडताळणी. परवान्याचं शस्त्र जुनं घेताना विकणाऱ्याला जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आधी पैसे, मग कागद असला व्यवहार इथं करूच नका.

नेताना रायफल रिकामी, कव्हरमध्ये, सोबत बिलाची प्रत. सण, यात्रा, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात; तेव्हा आदेश वाचल्याशिवाय ती घराबाहेर काढू नका. पाखरांवर नेम धरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणंही चालत नाही, एअरगन असली तरी ती गाडीत ठेवून तिकडं फिरायला जाऊ नका.