कोल्ड कॉलमधला व्हॉइसमेल

आधीची कसलीही ओळखपाळख नसताना विक्रीसाठी केलेला फोन म्हणजे कोल्ड कॉल, आणि समोरच्यानं तो उचललाच नाही तर बीप वाजल्यावर जो निरोप ठेवतात तो हा व्हॉइसमेल. ही मूळची अमेरिकेतली पद्धत, तीही जास्त करून एका कंपनीनं दुसऱ्या कंपनीला माल किंवा सॉफ्टवेअर विकायच्या धंद्यातली. आपल्याकडे निरोप रेकॉर्ड करून ठेवायची सवयच नाही, मिस कॉल दिसला की माणूस परत फोन करतो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप टाकतो, त्यामुळे पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपन्यांना फोन लावणाऱ्या पोरापोरींना हे सगळं नोकरीला लागल्यावरच शिकावं लागतं.

टेक्सासमधल्या डॅलसच्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी व्हॉइसमेलच्या पेटंटसाठी १९७९ मध्ये अर्ज केला, पेटंट मिळालं १९८३ मध्ये. त्यांच्या व्हीएमएक्स कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं थ्री-एम. पुढं अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये ही सोय सगळीकडे पसरली आणि सेल्सवाल्यांना सेक्रेटरीला न विचारता थेट साहेबाच्या कानापर्यंत पोचायची वाट मिळाली. मग ओहोटीही लागली. कोका-कोलानं २०१४ च्या शेवटी अटलांटाच्या मुख्यालयातला व्हॉइसमेल बंद केला, पुढच्या वर्षी जेपी मॉर्गन चेसनंही बऱ्याच कर्मचाऱ्यांचा काढून टाकला.

पण खरा बदल मोबाइलनं केला. २००७ च्या आयफोनमध्ये निरोपांची यादी स्क्रीनवर दिसायला लागली, २०१६ च्या आयओएस १० या आयफोनच्या सॉफ्टवेअरपासून निरोप लिहूनही दिसायला लागला आणि २०२३ च्या आयओएस १७ मध्ये तर तुम्ही बोलत असतानाच अमेरिकेतल्या माणसाला तुमचे शब्द स्क्रीनवर उमटताना दिसतात, वाटलं तर तो तिथल्या तिथे फोन उचलू शकतो. म्हणजे निरोप आता आधी वाचला जातो आणि मग वाटलंच तर ऐकला जातो, म्हणून पहिल्या वाक्यात "तुमचा दिवस छान जात असेल अशी आशा" वगैरे घालणं म्हणजे हातात आलेली एकमेव जागा फुकट घालवणं.

निरोप ऐकून लोक परत फोन करतात असं धरून चालू नये, फार थोडे करतात. निरोपाचं काम वेगळंच असतं. त्याच दिवशी पाठवलेला ईमेल उघडला जावा आणि पुढच्या वेळी फोन वाजला की नाव कानावरून गेलेलं असावं, एवढ्यासाठीच तो ठेवायचा. हे एकदा डोक्यात बसलं की सगळी माहिती एका दमात कोंबायची घाई आपोआप जाते आणि निरोप वीस-तीस सेकंदांत बसतो.

समजा पुण्यातली एक कंपनी गोदामाचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकते आणि ओहायोतल्या एका वितरकाच्या ऑपरेशन्स मॅनेजरला फोन लागलाय. चालणारा निरोप साधारण असा असतो: "तुम्ही कोलंबसला दुसरं गोदाम उघडताय असं वाचलं, दोन गोदामांचा स्टॉक जुळवताना लोकांची जी ओढाताण होते त्याबद्दल फोन केला होता. मी स्नेहा, अमुक कंपनीतून. आज ईमेल पाठवतेय, विषयात 'कोलंबस गोदाम' लिहिलंय, गुरुवारी सकाळी परत फोन करते." आणि मग नंबर, सावकाश, दोनदा. यात कंपनीचा इतिहास नाही, फीचर्स नाहीत, फक्त त्या माणसाच्या कामातली एक गोष्ट आहे. आणि गुरुवारी म्हटलं की गुरुवारी फोन झालाच पाहिजे.

नंबर सांगण्यातच आपली माणसं सगळ्यात जास्त मार खातात. आपण पाच-पाच आकडे तोडतो, अमेरिकन माणूस तीन-तीन-चार असे लिहून घेतो, आणि "डबल फाइव्ह", "ट्रिपल टू" म्हटलं की त्याचं पेन थांबतं. प्रत्येक आकडा सुटा म्हणायचा. तसंच "डू द नीडफुल", "रिव्हर्ट बॅक" ही आपल्या ऑफिसातली इंग्रजी तिकडे कळत नाही किंवा विचित्र वाटते. आवाज उगाच अमेरिकन करायची मात्र काही गरज नाही, सावकाश आणि स्पष्ट बोललेलं मराठी वळणाचं इंग्रजी व्यवस्थित समजतं. बऱ्याच सिस्टिममध्ये बोलून झाल्यावर हॅश दाबला की निरोप ऐकून पुन्हा रेकॉर्ड करता येतो.

वेळेचं भानही ठेवावं लागतं. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेआठ.

खोटेपणा अजिबात नको. "आपलं आधीचं बोलणं झालं होतं त्याबद्दल" किंवा कारण न सांगता नुसतं "अर्जंट आहे, फोन करा" असे निरोप फोन परत आणतातही, पण समोरच्याला फसवल्याचं कळलं की तो दरवाजा कायमचा बंद होतो, आणि तो माणूस त्याच्या कामातून वेळ काढून ऐकत होता हे विसरून चालत नाही.

अमेरिकेतला कायदाही कडक आहे. १९९१ च्या टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली संमती नसताना मोबाइलवर आधीच रेकॉर्ड केलेला विक्रीचा निरोप टाकला तर दर निरोपामागे ५०० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. फोन न वाजवता थेट मेलबॉक्समध्ये टाकलेला निरोपही कॉलच धरायचा असं तिथल्या एफसीसीनं, म्हणजे दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, २०२२ मध्ये ठरवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एआयनं बनवलेला आवाजही कृत्रिम आवाजाच्या नियमात आणला. २००३ ची 'डू नॉट कॉल' यादी मुख्यतः घरगुती ग्राहकांसाठी आहे, कंपनी-ते-कंपनी फोन बहुतेक तिच्या बाहेर राहतात. तरी कुणी "परत फोन करू नका" म्हटलं तर सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लगेच नोंद करून तो नंबर सोडून द्यायचा.