डूलॅली

डूलॅली हा ब्रिटिश बोलीतला शब्द. अर्थ : डोके फिरलेला, वेडसर. ‘म्हातारा पार डूलॅली झालाय’ असे इंग्लंडमध्ये आजही सहज बोलले जाते आणि त्यात शिवीपेक्षा थट्टाच जास्त असते. बोलणाऱ्याच्या मनात तेव्हा नाशिक नसते, पण शब्द आहे तो नाशिकरोडशेजारच्या देवळालीचाच. इंग्रजी जिभेला ‘ळ’ झेपत नाही. देवळालीचे आधी ‘देवलाली’ झाले आणि गोऱ्या शिपायांच्या तोंडी घासून ‘डूलॅली’.

मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवरच्या या गावी १८६१ साली ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. अडचण अशी, की सैन्य नेणारी जहाजे साधारण हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत छावणीतच दिवस काढावे लागत. कवायत नावापुरती, काम जवळजवळ नाहीच. वर उन्हाळा, मग पावसाळा, आणि हाताशी दारू. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेले शिपाईही इथे विचित्र वागू लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ साली छापलेल्या आठवणींत या म्हणीचे मूळ छावणीतल्या अशाच कंटाळ्यात असावे, असे लिहिले आहे.

मूळ प्रयोग मात्र ‘डूलॅली टॅप’ असा जोडीने येई : अमक्याला डूलॅली टॅप झालाय. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे टपली, त्यामुळे डोक्याला टपली बसली असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण हा टॅप म्हणजे आपला साधा ‘ताप’. देवळालीचा ताप! हिंदुस्थानीतला हा शब्द शिपायांनी उचलला. पुढे बोली छावणीबाहेर पडून इंग्लंडात रुळली तसा ताप गळून गेला आणि गावाचे नाव तेवढे उरले.

अशी उसनवारी या शिपायांनी भरपूर केली. नजर टाकण्याला ते ‘डेको’ म्हणत, ते ‘देखो’वरून. आणि ज्या घराच्या ओढीने ते देवळालीत दिवस मोजत, त्या इंग्लंडला ते ‘ब्लायटी’ म्हणत. हा शब्दही इथलाच, ‘विलायती’ या शब्दाचा अपभ्रंश.