विष जुनंच, ऊन नवं

मध्ययुगीन युरोपात राय या धान्याची भाकरी खाऊन माणसांच्या हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून झडायची. त्याला 'सेंट अँथनीची आग' म्हणत. करणी होती अर्गट बुरशीची. फुलोऱ्याच्या वेळी गारठा आणि ओल टिकली की ती ओंबीत दाण्याची जागा घेते.

गरम हवेत फोफावणाऱ्या बुरशीचा पत्ता मात्र फार उशिरा लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. ते यकृताचा कर्करोग घडवतं आणि नेहमीच्या शिजवण्याने पुरतं नाहीसं होत नाही.

सुरुवातीला सगळं खापर दमट गोदामांवर फुटलं. ते अर्धंच खरं होतं. १९७०च्या दशकात कळलं, की शेतात उभ्या मक्यातही हे विष तयार होतं. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला की झाडाचा प्रतिकार ढासळतो, अळीने पोखरलेल्या कणसात बुरशीला वाट मिळते, आणि तिशीच्या आसपासचं तापमान तिला मानवतं. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात विषारी मक्याने शंभरावर माणसं दगावली; तिथे दुष्काळामागोमाग कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता. २००४ मध्ये केनियात १२५ मृत्यू झाले, तेही मक्यानेच.

युरोप बराच काळ ही आयात मालाची डोकेदुखी समजत होता. २००३च्या कडक उन्हाळ्याने उत्तर इटलीच्या मक्यात ती उगवली. २०१२च्या दुष्काळानंतर बाल्कन देशांत तो मका गाईंच्या पोटात गेला आणि विष दुधात उतरलं. सर्बियाने २०१३ मध्ये काय करावं? दुधातली मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर नेली. दूध तेच राहिलं, फक्त कायद्याने चालू लागलं!

२०१६ साली शास्त्रज्ञांनी युरोपातल्या मका आणि गव्हासाठी तापमानवाढीची गणितं मांडली. दोन अंश वाढ धरली, तर मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा धोका ठळकपणे वाढतो, असं त्यांतून निघालं. बुरशी त्या मातीत आधीपासून होतीच. तिला हवं तसं ऊन आता तिथेही पडू लागलं आहे.