सीएफटीआर क्लोराइड वाहिनी

आतडे, स्वादुपिंड, श्वासनलिका आणि घामग्रंथी यांच्या अस्तरपेशींच्या पटलात असलेली, फॉस्फोरिलीकरणाने (प्रथिनावर फॉस्फेट गट चढवण्याने) नियंत्रित होणारी क्लोराइड वाहिनी. हे प्रथिन १,४८० अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. ते १९८९ मध्ये सापडले. एबीसी या कुळातली बहुतेक प्रथिने एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून पदार्थ पटलापलीकडे ओढून नेतात. त्या पंपांच्या घराण्यात ही एक वाहिनी निघाली.

वाहिनीच्या पेशीतल्या बाजूला एटीपी धरणारे दोन खंड असतात. त्यांच्यामध्ये ठराविक आकार नसलेला लवचिक ‘आर’ खंड पाचरीसारखा अडकलेला असतो. संप्रेरकाचा निरोप आला की पेशीत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज-ए हे विकर जागे होते आणि ते आर खंडातल्या ७३७, ७९५, ८१३ अशा क्रमांकांच्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवते. पाचर सरकते, दोन्ही खंड एटीपीसह एकमेकांना भिडतात आणि वाट मोकळी होते. एटीपीचे विघटन झाले की ती पुन्हा मिटते. म्हणजे फॉस्फेट फक्त अडसर काढतो, दार उघडतो तो एटीपी. एखादे सेरीन बदलले तरी काम ठप्प होत नाही. जितके फॉस्फेट चढतात तितकी वाहिनी अधिक वेळ उघडी राहते. फॉस्फेट उतरवण्याचे काम फॉस्फटेज विकरे करतात.

हा नियम सगळ्या क्लोराइड वाहिन्यांना लावू नये. स्नायूंतल्या सीएलसी-१ चा प्रवाह प्रोटीन कायनेज-सी या फॉस्फेट चढवणाऱ्या दुसऱ्या विकरामुळे उलट घटतो.

पटकीत (कॉलऱ्यात) सीएफटीआरचे हेच नियंत्रण बिघडते. तिच्या जिवाणूंचे विष आतड्याच्या पेशीतले जी-प्रथिन (निरोप पुढे पोचवून चक्रीय एएमपी वाढवणारे प्रथिन) चालूच ठेवते, चक्रीय एएमपी उतरत नाही. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहत राहते, मागोमाग सोडियम आणि पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे. हे विष असते, हे शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवले. मीठ-साखरेचे पाणी ही वाहिनी बंद करत नाही; ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वेगळी वाट शाबूत असते, तिचा ते फायदा घेते.

सिस्टिक फायब्रोसिस या सीएफटीआरच्या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या आनुवंशिक आजारात उलटे घडते. बहुतेक रुग्णांत ५०८व्या जागचे फेनिलॲलनीन गळालेले असते. प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि ते पटलापर्यंत क्वचितच पोचते. जी५५१डी या बदलात (५५१व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येते) वाहिनी जागेवर असते, फॉस्फेटही चढतो, पण दार उघडत नाही. तिच्यासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झालेले आयव्हाकाफ्टर हे औषधही फॉस्फेट चढलेल्या वाहिनीवरच चालते. घामाच्या नळीत ही वाहिनी मीठ परत आत घेते, म्हणून या रुग्णांचा घाम खारट लागतो. त्यात क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक भरले, तर निदान जवळपास पक्के धरतात.